होम-स्टेला महासाथीचा फटका नेमका कुठे बसतो आणि आधार कसा द्यावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यात समुद्राजवळ एका कुटुंबाने २०१८ साली बँकेचे कर्ज काढून सहा खोल्यांचा होम-स्टे सुरू केला. २०२० आणि २०२१ हे दोन्ही उन्हाळे कोरोनामुळे वाया गेले, कर्जाची मुदत वाढली, आणि आता कुठे व्यवसाय सावरला आहे. हाताशी सुमारे चार लाखांची शिल्लक आहे. ती आणखी दोन खोल्यांमध्ये घालावी की राखून ठेवावी, अशी साथ पुन्हा आली तर टिकायचे कसे, आणि पाहुणे, गाव व सरकार यांची कोणती मदत खरोखर उपयोगी पडते, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

मी मालवण तालुक्यात बरीच वर्षे खोल्या आणि खानावळ चालवतो, आणि आजूबाजूच्या व्यावसायिकांची बँकेची प्रकरणे तयार करण्यात हातभार लावतो. त्या अनुभवाच्या मर्यादेत हे उत्तर आहे. तुमच्याकडे घरचीच माणसे राबतात की पगारी, तुम्ही राहता ते घर आणि पाहुण्यांच्या खोल्या एकाच आवारात आहेत की वेगळ्या, आंब्याकाजूचे किंवा नोकरीचे दुसरे उत्पन्न आहे की नाही, यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेले नाही. त्यामुळे आकडे मी गृहीत धरले आहेत. त्यांच्या जागी तुमचे घालून पाहावेत.

तुम्ही लिहिले आहे की ‘काही महिने धंदा बंद राहिला’. माझ्या मते अडचणीचे मूळ या मोजणीतच आहे. महासाथीने किती महिने खाल्ले यापेक्षा तिने कोणता हंगाम खाल्ला हे आपल्या किनाऱ्यावर महत्त्वाचे असते. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष, मधले जोडून आलेले सुट्टीचे दिवस, आणि मग शाळा सुटल्यापासून मृगापर्यंतचा उन्हाळा, एवढीच आपली कमाई. पाऊस सुरू झाला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबतात, स्कूबा डायव्हिंग बंद होते, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असल्यामुळे ताटात ताजा मासाही क्वचितच मिळतो. म्हणजे मे महिन्याचा पैसा हा मे महिन्याचा नसतोच; तो दिवाळीपर्यंतच्या चुलीचा, हप्त्याचा आणि पगाराचा असतो.

आता कागदावर मांडून पाहू. समजा, तुमच्या सहा खोल्यांचा हप्ता १६,००० रुपये, दोन कामगारांचा पगार २२,००० रुपये, आणि विजेचा स्थिर आकार, इंटरनेट, विमा, देखभाल मिळून १०,००० रुपये, असा पाहुणा येवो न येवो महिना ४८,००० रुपये खर्च आहे. उन्हाळा बुडाला की एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने हा खर्च चालू राहतो आणि समोर उत्पन्न जवळजवळ नसते. ही रक्कम ३,३६,००० रुपये होते. उन्हाळ्यातल्या दीड महिन्याच्या बंदीची खरी किंमत ही आहे. शहरातल्या हॉटेलाची बंदी उठली की दुसऱ्या आठवड्यापासून थोडेफार गिऱ्हाईक दिसू लागते; आपल्याकडे बंदी जूनमध्ये उठली काय आणि ऑगस्टमध्ये उठली काय, फारसा फरक पडत नाही.

२०२० मध्ये हेच झाले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली. राज्यात ८ जुलैपासून लॉज आणि हॉटेलांना ३३ टक्के क्षमतेने उघडण्याची परवानगी मिळाली खरी, पण तेव्हा भर पाऊस होता, आणि जिल्ह्याबाहेरून यायचे तर ई-पास लागत होता, तो सप्टेंबरच्या सुरुवातीला रद्द झाला. खानावळीत बसवून जेवण वाढण्याची मुभा ५ ऑक्टोबरपासून, तीही निम्म्या क्षमतेने. नोव्हेंबरच्या मध्यावर दिवाळी आली तेव्हा गल्ल्यात पैसा दिसू लागला. त्या हिवाळ्यात मुंबई-पुण्याचे लोक स्वतःच्या गाड्या काढून इतके आले की अनेकांना संकट संपले असे वाटले, आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध लागले. दुसरा उन्हाळा गेला. त्यातच १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. पत्रे उडाले, माड पडले, वीज कित्येक दिवस नव्हती. उत्तरेकडे रायगड आणि दापोली-मंडणगड भागात आदल्या वर्षीच, ३ जूनला, निसर्ग वादळाने हेच केले होते, आणि चिपळूण २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडाले. उत्पन्न नसलेल्या वर्षात दुरुस्तीचा खर्च अंगावर पडणे, हे कोकणातल्या व्यावसायिकाच्या वाट्याला आलेले जास्तीचे दुखणे होते.

विम्याबद्दल एवढेच सांगतो, कारण यात गैरसमज फार आहे. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत वादळ आणि पूर यांचे नुकसान येऊ शकते, ते आहे की नाही हे पॉलिसी उघडून वाचावे. पण सरकारी आदेशाने बंद राहिल्यामुळे बुडालेले उत्पन्न त्यात येत नाही. व्यवसाय खंडित झाल्याची भरपाई देणारे कलमसुद्धा साधारणपणे इमारतीचे किंवा सामानाचे प्रत्यक्ष नुकसान झाले तरच लागू होते. साथीपुरता तुमचा विमा म्हणजे तुमची स्वतःची गंगाजळी.

कर्जाच्या बाबतीत जी मदत मिळाली ती समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या वेळीही मदतीचा साचा बहुधा असाच असेल. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. ती माफी नव्हती. दहा टक्के दराने आठ लाखांच्या कर्जावर सहा महिन्यांचे व्याज सुमारे चाळीस हजार रुपये होते, आणि ते भरावेच लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालाने व्याजावरचे व्याज तेवढे टळले. त्याच वेळी राज्य वीज नियामक आयोगाने औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांच्या स्थिर आकाराची वसुली तीन बिलांपुरती लांबवली, तीही माफी नव्हे. मग केंद्राची तातडीच्या कर्जाची हमी योजना आली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज शिल्लक होते त्याच्या २० टक्के जादा कर्ज, वेगळे तारण न देता. आठ लाखांवर १,६०,००० रुपये, म्हणजे वरच्या हिशेबाने तीन महिन्यांची बेगमी. आतिथ्य आणि पर्यटन क्षेत्रासाठी ही मर्यादा ४० टक्के झाली, मुदत सहा वर्षे आणि त्यातली पहिली दोन वर्षे मुद्दल न फेडण्याची सवलत मिळाली. ४० टक्के म्हणजे ३,२०,००० रुपये. हा आकडा सात महिन्यांच्या खड्ड्याच्या किती जवळ आहे ते पाहा. म्हणजे योजना आखणाऱ्यांना गरज नेमकी कळली होती, पण ती सुधारणा झाली मार्च २०२१ च्या अखेरीस, पहिला हंगाम बुडून वर्ष उलटल्यावर.

या योजनेची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. जुन्या बँक कर्जाच्या प्रमाणात नवे कर्ज मिळत असल्यामुळे, ज्याने आधी मोठे कर्ज काढले होते त्याला जास्त आधार मिळाला, आणि ज्याने गावच्या पतसंस्थेतून, मेहुण्याकडून उसने घेऊन किंवा वाडी विकून खोल्या बांधल्या होत्या त्याला काहीच मिळाले नाही. पर्यटन सेवांसाठी जून २०२१ मध्ये जाहीर झालेले हमी कर्ज परवानाधारक गाइड आणि मान्यताप्राप्त प्रवासी कंपन्यांपुरते होते. फेरीवाल्यांचे दहा हजारांचे कर्ज शहरी हद्दीतले. राज्याने १ एप्रिल २०२१ पासून आतिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देऊन वीज, पाणी आणि मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारण्याचे ठरवले, पण ते तारांकित हॉटेलांसाठी. देवबाग किंवा मिठबाव अशा आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतल्या सहा खोल्या या सगळ्या जाळ्यांच्या भोकांतून खाली पडतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की साथ नसताना कागद उभे करावेत: उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद), पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेतील नोंदणी, अन्न परवाना, आणि पाहुण्यांचे पैसे व्यवसायाच्या खात्यातच जमा होण्याची शिस्त. घरातल्या तीन जणांच्या फोनवर विखरून येणारे पैसे हे बँकेच्या लेखी उत्पन्न नसते.

पुढचा भाग पैशाचा नाही, पण माझ्या लेखी तितकाच मोठा आहे, तो म्हणजे बंद खोल्यांचा. खोली बंद ठेवली म्हणजे खर्च वाचला असे शहरातल्या माणसाला वाटते. आपल्या हवेत बंद खोली कुजते. पंधरा दिवसांत गाद्यांच्या खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके येतात, प्लायच्या कपाटाला वाळवी लागते, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी खाऱ्या वाऱ्याने पांढरी पडून भुगा होऊ लागते, विहिरीवरचा पंप जाम होतो, इन्व्हर्टरची बॅटरी उतरून निकामी होते. माझी पद्धत अशी आहे. गाद्या भिंतीपासून दूर, आडव्या न ठेवता उभ्या कडेवर टेकवायच्या. एक दिवसाआड उघडीप पाहून दारेखिडक्या उघडायच्या, पंखा लावायचा, एसी अर्धा तास चालवायचा, बाहेरचे युनिट आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायचे. न्हाणीघरातल्या जाळीखाली जे पाणी साचून राहते तेच गटाराचा वास आणि झुरळे अडवते, ते सुकू नये म्हणून तिथे तांब्याभर पाणी ओतायचे. आणि दीर्घ बंदीनंतर पहिला पाहुणा घेण्यापूर्वी टाकी रिकामी करून घासायची आणि प्रत्येक नळ व शॉवर बराच वेळ वाहू द्यायचा, कारण नळांत आणि गिझरमध्ये साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतो. हे काम एका माणसाचे रोजचे दोन तास खाते. म्हणून बंदीच्या काळातही एक कामगार ठेवणे ही दया नसून देखभाल आहे.

कामगारांचे गणित यालाच जोडून येते. आपल्याकडे स्वयंपाकाला किंवा खोल्यांना नेपाळी मुले असतात, भाकऱ्या आणि आंबोळ्या शेजारची बाई नगावर करून देते, मासे रोजच्या ओळखीची मासेवाली आणते, चादरी धुवायला तिसराच कोणी असतो. टाळेबंदीत नेपाळी मुले एकदा गेली की परत आणायला हंगाम लागतो, आणि सुरमईचा तुकडा करपू न देता तळणारा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. सगळ्यांना पूर्ण पगार देणे सहा खोल्यांच्या धन्याला शक्य नसते, हे मी मान्य करतो. मला जे शक्य वाटले ते असे: आवारातच राहणाऱ्याला राहणे, जेवण आणि अर्धा पगार, जो गावी जाऊ इच्छितो त्याला प्रवासखर्च आणि परत येण्याच्या दिवशी द्यायची ठरलेली रक्कम, लेखी. नगावर काम करणाऱ्या बायकांसाठी मात्र दुसरे काम शोधावे लागते. २०२० च्या मोसमात हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत जाऊ लागल्या, तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या पाहुण्यांचे फोन नंबर नीट लिहिलेले होते त्यांना गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. पेटीबरोबर कोकमाचे आगळ, कुळथाचे पीठ, मालवणी मसाला गेला, आणि तो मसाला कांडणारे हात तेच होते. यातून खोल्यांचे उत्पन्न भरून निघत नाही. क्लाउड किचन, म्हणजे फक्त पार्सल देणारे स्वयंपाकघर, सुरू करा असा सल्ला तेव्हा सर्रास दिला जात होता; ज्या वाडीत पन्नास घरे आहेत आणि प्रत्येक घरात मासळीचे कालवण आहे तिथे पार्सल कोण मागवणार, हे सांगणाऱ्याने पाहिलेले नव्हते. तालुक्याच्या ठिकाणी बँकेच्या आणि दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांना डबे देणे तेवढे चालले.

ॲडव्हान्सचा विषय तुम्ही विचारलेला नाही, पण बहुतेक भांडणे तिथेच होतात. मार्चअखेर आपल्याकडे मे महिन्याचे ॲडव्हान्स जमा झालेले असतात, आणि बहुतेकांनी ते रंगकामात, नव्या चादरींत घातलेले असतात. पाहुण्याचा ॲडव्हान्स तो येऊन राहीपर्यंत त्याचा असतो, तुमचा नसतो, असे धरून तो वेगळ्या खात्यात ठेवावा. बंदी आली की आपणहून फोन करून तीन पर्याय द्यावेत: तारीख पुढे, त्याच दरात, दीड वर्षापर्यंत; किंवा निम्मे परत आणि निम्मे जमा; किंवा पूर्ण परत. ज्याच्या घरी आजारपण किंवा मृत्यू झाला आहे, ज्याची नोकरी गेली आहे, त्याला दुसरा प्रश्न न विचारता पूर्ण परत. ठरलेले व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे. माझ्या अनुभवात बहुतेक लोक तारीख पुढे ढकलणे पसंत करतात, फक्त त्यांना कोणी आधी फोन केलेला हवा असतो.

इथेच पाहुण्यांनी काय करावे याचेही उत्तर आहे. बुकिंग रद्द न करता पुढे ढकलणे ही सर्वांत मोठी मदत, कारण तो आमच्यासाठी बिनव्याजी पैसा असतो. दुसरी, ॲपवर जागा पाहून थेट फोनवर आरक्षण करणे, म्हणजे ॲपचे कमिशन वाचते. तिसरी, उघडल्यावर शनिवार-रविवार सोडून येणे. आणि ताप-खोकला असताना न येणे, कारण आमच्या गावात ऑक्सिजनची खाट सहज मिळत नाही. २०२० मध्ये कोकणातल्या गावांनी रस्त्यात दगड आणि बांबू टाकून वाटा अडवल्या, स्वतःच्या चाकरमान्यांना गणपतीला आले तरी विलगीकरणात ठेवले, त्यावर शहरात बरीच टीका झाली. वागण्यात कडवटपणा होता, पण भीती अनाठायी नव्हती. ज्यांच्या घरात म्हातारी माणसे आहेत आणि खोल्या त्याच छपराखाली आहेत त्यांनी परवानगी मिळाली तरी लगेच उघडू नये, असे माझे तेव्हाही मत होते. गावाची नाराजी ओढवून चालवलेला होम-स्टे पुढच्या हंगामात पाण्याच्या आणि रस्त्याच्या भांडणात अडकतो.

सरकारकडून काय हवे, याबद्दल जगात दोन वाटा दिसल्या. ब्रिटनने घरी बसलेल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंत भार उचलला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सोमवार ते बुधवार बाहेर जेवणाऱ्यांच्या बिलात सूटही दिली. जपानने जुलै २०२० पासून देशांतर्गत प्रवासाला अनुदान दिले आणि रुग्ण वाढल्यावर डिसेंबरच्या अखेरीस ते थांबवावे लागले. गिऱ्हाईक आणण्यासाठी सूट देण्याची कोकणाला गरज नाही असे मला वाटते. २०२० मध्ये जगातले आंतरराष्ट्रीय पर्यटक सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले, पण आपला पाहुणा परदेशातून येतच नाही. तो पनवेल ओलांडून किंवा घाट उतरून स्वतःच्या गाडीने येतो, आणि मुभा मिळताच येतो. आपल्याला हवे आहे ते तोपर्यंत जिवंत राहण्याचे साधन: पगाराचा काही वाटा, स्थिर आकार लांबवण्याऐवजी माफ करणे, हप्त्यातली सवलत थेट दिवाळीपर्यंत, आणि नियम बदलण्याची निदान पंधरा दिवस आधी सूचना. मासळी आदल्या दिवशी भरावी लागते. रात्री निघालेल्या आदेशाने सकाळी बंद करणाऱ्याचे नुकसान फ्रीजमध्येच पडून राहते.

आता तुमचे चार लाख. वरचे आकडे तुमच्याशी जुळत असतील, तर त्यातले ३,३६,००० रुपये हा एका बुडालेल्या उन्हाळ्याचा खर्च आहे, तो बांधकामात घालू नये. उरतात ६४,००० रुपये, त्यात दोन खोल्या होत नाहीत, आणि उरलेल्यासाठी कर्ज काढले तर महिन्याचा स्थिर खर्च वाढून खड्डा आणखी खोल होतो. राखीव रक्कम बचत खात्यात ठेवू नये, नाहीतर गणपतीत ती संपते. तिच्या तीन-चार वेगवेगळ्या मुदत ठेवी कराव्यात आणि त्यांच्यावर ओव्हरड्राफ्टची सोय आत्ताच मंजूर करून ठेवावी, म्हणजे वेळ आली तर ठेव न मोडता पैसा उचलता येतो आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागते. घरचीच माणसे राबत असतील आणि बागेचे उत्पन्न असेल, तर राखीव रक्कम दोन लाखांवर आणायला माझी हरकत नाही.

दोन खोल्या दोन चांगल्या हंगामांनंतर कराव्यात, आणि तेव्हा कर्ज मागताना मासिक हप्त्याऐवजी हंगामी परतफेड मागावी: मोठा हप्ता जानेवारीत आणि जूनच्या सुरुवातीला, पावसाळ्यात फक्त व्याज. शाखाधिकारी आधी नाही म्हणतील. तीन वर्षांचे व्यवसायाच्या खात्याचे उतारे महिनावार बेरीज करून समोर ठेवले, की जून ते सप्टेंबरचे आकडे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. अर्ज मंजुरीपूर्वीच हे मागावे; करारावर सह्या झाल्यावर हप्त्याचे वेळापत्रक बदलून घेणे फार जिकिरीचे होते.